मायबोलीचा कैवारी : मिकिएल आंतोन व्हासाली

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांच्या चरित्रांनीं मन उन्नत होतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जीं चरित्रें आपल्या हातीं पडतात तीं बहुधा राजांचीं, सेनापतींचीं किंवा नवे प्रदेश शोधून काढणाऱ्या साहसी खलाशांचीं असतात. ज्यानें एकही लढाई जिंकली नाहीं, ज्याच्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें कैदेंत व हद्दपारींत गेलीं, ज्याला मृत्यूनंतर आपल्या पूर्वजांच्या शेजारीं विसावण्यापुरती जागाही मिळाली नाहीं, आणि तरीही ज्याचें नांव एक सबंध राष्ट्र आज आदरानें घेतें, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहों. त्याचें नांव मिकिएल आंतोन व्हासाली. तो माल्टा बेटाचा रहिवासी. आपल्या देशबांधवांची घरांत बोलली जाणारी, विद्वानांनीं तुच्छ मानलेली भाषा त्यानें उचलून धरिली व तिला व्याकरण, कोश आणि मानाचें स्थान मिळवून देण्यासाठीं आपला देह झिजविला.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं ज्या भूमींत तो जन्मला तिची ओळख करून घेणें अवश्य आहे. भूमध्य समुद्राचा नकाशा उघडून इटलीच्या टोकाशीं असलेलें सिसिली बेट पाहावें. त्याच्या दक्षिणेस शंभर किलोमीटरांच्या आंत जे बारीक ठिपके दिसतात तेंच माल्टा. माल्टा, गोझो व कोमिनो हीं त्यांतलीं वस्तीचीं बेटें होत. सर्वांचें मिळून क्षेत्रफळ अवघें ३१६ चौरस किलोमीटर. आपले कर्जत व खालापूर हे दोन तालुके एकत्र धरिले तर हा सारा देश त्यांत सहज मावेल व वर जागा उरेल. परंतु आपल्याकडे उल्हास व पाताळगंगा पावसाळ्यांत दुथडी भरून वाहतात, तसें भाग्य त्या बेटांच्या वांट्यास आलेलें नाहीं. तेथें बारमाही नदी एकही नाहीं. पाऊस हिवाळ्यांत पडतो, तोही बेताचाच. जमीन चुनखडीच्या पिवळसर खडकाची, तिच्यावर मातीचा थर पातळ. ती माती वाहून जाऊं नये म्हणून शेतकऱ्यांनीं उतारावर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें करून दगडी बांध घातले. त्याच खडकाचे चिरे काढून तेथें घरें व देवळें बांधिलीं आहेत. गोझो बेटावरील गगंतिया येथील पाषाणमंदिरें तर पांच हजार वर्षांहूनही जुनीं असून जगांतील अतिप्राचीन वास्तूंत त्यांची गणना होते.

भूमि निकृष्ट, परंतु बंदर उत्कृष्ट! यामुळें भूमध्य समुद्रावर ज्याची सत्ता चालली त्यानें माल्टा आपल्या ताब्यांत ठेविलें. फिनिशियन आले, कार्थेजवाले आले, पुढें रोमन आले. इ. स. ६० च्या सुमारास प्रेषित पौलाचें गलबत याच किनाऱ्यावर फुटलें, असें तेथील परंपरा मानते. त्या प्रसंगाच्या वर्णनांत बेटावरील लोकांच्या दयाळूपणाची स्तुति आहे. मात्र त्या लोकांस उद्देशून मूळ ग्रीक ग्रंथांत जो शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ ग्रीक न बोलणारे, परकी बोलीचे लोक, असा होतो. म्हणजे माल्टाच्या मनुष्याची जगाला झालेली एक जुनी ओळखही त्याच्या निराळ्या बोलीवरूनच झाली! इ. स. ८७० मध्यें अरबांनीं हें बेट जिंकिलें, १०९१ मध्यें नॉर्मन लोक आले, आणि पुढें कित्येक शतकें त्याचें भवितव्य सिसिलीशीं बांधलेलें राहिलें. १५३० सालीं सम्राट पांचवा चार्लस यानें तें सेंट जॉनच्या सरदारांच्या संघास दिलें. त्या बदल्यांत वर्षास एक बहिरी ससाणा पाठवावा, एवढीच खंडणी ठरली होती. या सरदारांनीं १५६५ मध्यें तुर्कांच्या प्रचंड वेढ्यास तोंड देऊन बेट राखिलें, आणि दुसऱ्याच वर्षीं आपला अधिपति ला व्हालेट याच्या नांवानें व्हॅलेटा हें राजधानीचें शहर वसविण्यास आरंभ केला.

सरदारांचें शौर्य निर्विवाद होतें. परंतु ते युरोपांतील उच्च कुलांतून आलेले परकी लोक. बेटावर जन्मलेल्या माल्टी मनुष्यास त्यांच्या संघांत सरदाराचा दर्जा मिळत नसे, आणि राज्यकारभारांतही त्याला खरा अधिकार नव्हता. न्यायालयाची व शिष्टसमाजाची भाषा इटालियन, धर्मविधींची भाषा लॅटिन. शेतकरी, कोळी, गवंडी, आणि घरोघरच्या आया-आज्या मात्र माल्टी बोलत. ही बोली मुळांत सिसिलींतील अरबांच्या भाषेपासून निघालेली. तिच्यांत पुढें सिसिलियन व इटालियन शब्दांची भर पडली. मराठींत फारसीच्या वाटेनें जे अरबी शब्द आले त्यांचे सख्खे भाऊ माल्टींत आढळतात, हें वाचून वाचकांस मौज वाटेल. आपण पुस्तकास किताब म्हणतों, ते क्तीब म्हणतात. आपण जगास दुनिया म्हणतों, ते दिन्या म्हणतात. तेथील लोक रोमन कॅथोलिक ख्रिस्ती असूनही परमेश्वरास अल्ला म्हणतात, आणि ईस्टरपूर्वींच्या उपवासकालास रानदान, म्हणजे रमजान, असें नांव देतात! अशी ही रसाळ बोली. पण सुशिक्षित मनुष्य ती चारचौघांत बोलण्यास लाजे, आणि ती लिहावी कशी याचा ठाम नियमच नव्हता.

अशा काळीं, ५ मार्च १७६४ रोजीं, झेब्बूज नांवाच्या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत व्हासालीचा जन्म झाला. दोन वर्षांचा असतांनाच त्याचें पितृछत्र हरपलें. पोरक्या शेतकरीपुत्राच्या वांट्यास विद्या सहसा येत नसे. परंतु बुद्धि तीव्र व चिकाटी दांडगी असल्यामुळें त्यानें मार्ग काढिला, आणि १७८५ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो रोम येथील ला सापिएन्झा विद्यापीठांत पौर्वात्य भाषांच्या अभ्यासास लागला. तेथें अरबी व तिच्या भगिनीभाषा शिकत असतां त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली. ज्या बोलीची आपल्या गांवीं थट्टा होते, तिचे धातु, तिचीं रूपें, तिचे प्रत्यय हे सारे थोर व प्राचीन भाषाकुलाचे आहेत. शेतांत नांगर धरणारा माणूस जे शब्द उच्चारतो त्यांना व्याकरणाचे नियम आहेत. ते कोणीं लिहून ठेविले नाहींत, हा दोष भाषेचा नसून शिकलेल्यांचा होय. या एका विचारानें त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

१७९१ सालीं रोम येथें त्यानें माल्टी भाषेचें व्याकरण लॅटिनमध्यें लिहून प्रसिद्ध केलें. त्याच्यापूर्वीं १७५० मध्यें गोझोच्या आजिउस दे सोल्दानिस या धर्मोपदेशकानें या विषयावर ग्रंथ लिहिला होता, आणि त्या प्रयत्नाचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु व्हासालीचें काम अधिक शास्त्रशुद्ध होतें. माल्टींतील कित्येक कंठ्य ध्वनि लॅटिन लिपींत लिहितां येत नसत. यास्तव त्यानें लॅटिन अक्षरांत कांहीं नव्या चिन्हांची भर घालून ध्वनीस अक्षर मिळवून दिलें. १७९६ सालीं त्याचा कोश निघाला. माल्टी शब्द व त्यांचे अर्थ लॅटिन आणि इटालियन भाषांत, अशी त्याची रचना होती. आपल्याकडे मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्यापूर्वीं पस्तीस वर्षें हा कोश निघाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें महत्त्व कळेल. मोल्सवर्थच्या साहाय्यास दुसरे साहेब होते, शास्त्रीमंडळी होती व सरकारचा आश्रय होता. व्हासालीच्या पाठीशीं असा सरंजाम नव्हता.

या कोशाची प्रस्तावना विशेष महत्त्वाची आहे. ती त्यानें माल्टी राष्ट्रास उद्देशून लिहिली. ज्या लोकांस त्यांचे राज्यकर्ते केवळ प्रजा समजत, त्यांस त्यानें राष्ट्र म्हणून संबोधिलें! तींत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, मुलांस प्रथम त्यांच्या मातृभाषेंत लिहावयास-वाचावयास शिकवावें. त्या पायावर इतर भाषांचें शिक्षण द्यावें. आणि ज्या कायद्यांनीं लोकांस बांधावयाचें ते त्यांना समजेल अशा भाषेंत असावेत. इटालियन किंवा लॅटिन या भाषांचा त्यानें द्वेष केला नाहीं; तो स्वतः त्या उत्तम जाणत होता. परंतु मुलाला जी भाषा येते तिच्यापासून आरंभ न करितां जी येत नाहीं तिच्यांतूनच ज्ञान देऊं गेल्यास बहुसंख्य लोक अज्ञानांतच राहतील, हें त्यानें ओळखिलें होतें. आज शिक्षणशास्त्रज्ञ ही गोष्ट मान्य करितात. सव्वादोनशें वर्षांपूर्वीं ती निर्भीडपणें सांगण्यास धैर्य लागत होतें.

भाषेच्या प्रेमांतून तो राजकारणांत ओढला गेला. त्या वेळीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति होऊन गेली होती आणि समतेचे विचार युरोपभर पसरत होते. १७९७ मध्यें सरदारांची सत्ता उलथून पाडण्याच्या कटांत सामील असल्याच्या आरोपावरून व्हासालीस पकडण्यांत आलें व त्याला आजन्म कारावासाची शिक्षा झाली. पुढील वर्षीं, जून १७९८ मध्यें, इजिप्तकडे जाणाऱ्या नेपोलियन बोनापार्टनें वाटेंत माल्टा काबीज केलें. सरदारांचें २६८ वर्षांचें राज्य संपलें, आणि व्हासालीच्या कैदेचाही अंत झाला.

नव्या राज्यांत आपल्या लोकांचें कल्याण होईल अशी आशा त्यास वाटली. परंतु फ्रेंचांनीं चर्चांतील सोनें-रूपें उचलण्यास प्रारंभ केला, तेव्हां श्रद्धाळू माल्टी जनता क्षुब्ध झाली व सप्टेंबर १७९८ मध्यें तिनें बंड केलें. फ्रेंच शिबंदी व्हॅलेटाच्या तटांच्या आंत अडकली. बाहेरून माल्टी लोकांनीं व इंग्रजांच्या आरमारानें तिला वेढिलें. दोन वर्षें हा वेढा चालला. व्हासाली या काळांत फ्रेंचांच्या बाजूस राहिला. ज्या शेतकऱ्यांच्या बोलीसाठीं त्यानें लेखणी उचलली, तेच शेतकरी तटाच्या एका बाजूस आणि तो दुसऱ्या बाजूस, असा हा दुःखद प्रसंग होता. थोर पुरुषाची प्रत्येक निवड बरोबरच असते असें मानण्याचें कारण नाहीं. त्याच्या देशबांधवांस त्याची ही निवड रुचली नाहीं, आणि तिची किंमत त्यास भरावी लागली. १८०० सालीं फ्रेंच शरण आले, बेटावर इंग्रजांचा अंमल बसला, आणि १८०१ मध्यें व्हासालीस हद्दपार करण्यांत आलें.

पुढें जवळजवळ वीस वर्षें तो मायभूमीस अंतरला. फ्रान्स व स्पेन या देशांत त्याचा काळ गेला. माल्टामध्यें त्या वेळीं कापूस हें मुख्य पीक असे आणि तेथील सूत परदेशीं जाई. शेतकऱ्याच्या मुलास हें पीक ठाऊक असल्यामुळें फ्रान्समध्यें कापसाची लागवड व्हावी म्हणून त्यानें खटपट केली. ज्याच्या हातीं कोश व व्याकरण शोभावयाचें त्याला पोटासाठीं हा उद्योग करावा लागला. तथापि मायबोलीचा ध्यास त्यानें सोडिला नाहीं. १८२० सालीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, तो माल्टास परतला. देह थकला होता, गांठीं पैसा नव्हता, जुन्या ओळखी तुटल्या होत्या.

येथें त्याला एक गुणग्राही आश्रयदाता भेटला, आणि या आश्रयदात्याचें घराणें आमच्या भागास अगदीं अपरिचित नाहीं. जॉन हूकम फ्रियर या नांवाचे इंग्रज मुत्सद्दी व कवि माल्टामध्यें येऊन स्थायिक झाले होते. त्यांनीं व्हासालीची योग्यता जाणून त्याला हात दिला. याच फ्रियर साहेबांचे पुतणे सर बार्टल फ्रियर होत. १८३४ सालीं मुंबईस नोकरीवर येतांना ते वाटेंत माल्टास आपल्या चुलत्यांकडे राहिले होते. पुढें १८६२ ते १८६७ पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते, आणि १८६३ च्या एप्रिलमध्यें आपल्या बोरघाटांतील लोहमार्ग खुला झाला तो त्यांच्याच कारकीर्दींत व त्यांच्याच हस्तें. पळसदरीहून खंडाळ्याकडे चढणारी आगगाडी पाहतांना भूमध्य समुद्रांतील त्या लहानशा बेटाचीही आठवण ठेवण्यास हरकत नाहीं.

मोठ्या फ्रियर साहेबांच्या आश्रयानें १८२५ सालीं व्हासालीची माल्टा विद्यापीठांत माल्टी भाषेचा पहिला प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. जी बोली विद्वान लोक स्वयंपाकघरापुरती समजत, ती विद्यापीठाच्या दालनांत आली! त्या वेळीं त्याचें वय एकसष्ट होतें. उरलेलीं थोडीं वर्षें त्यानें विलक्षण उद्योगांत घालविलीं. १८२७ मध्यें त्यानें दुसरें, सुधारलेलें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें सामान्य वाचकांस समजावें म्हणून इटालियनमध्यें. १८२८ मध्यें माल्टी म्हणी व सुभाषितें यांचा संग्रह छापला. त्यांत आठशेंहून अधिक म्हणी आहेत. शेतावर, होडीवर, चुलीपाशीं शतकानुशतकें जें शहाणपण तोंडोतोंडीं चालत आलें होतें, तें त्यानें एकेक वेंचून अर्थासह कागदावर उतरविलें. पुस्तकें नसलेल्या समाजाचा ग्रंथसंग्रह म्हणजे त्याच्या म्हणी, हें त्याला ठाऊक होतें.

याच काळांत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें त्यानें चार शुभवर्तमानें व प्रेषितांचीं कृत्यें यांचें माल्टींत भाषांतर केलें. तें त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, १८२९ मध्यें, छापून निघालें. आमच्या महाराष्ट्रांत व गोमंतकांतही अशा कार्याची परंपरा आहे. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत प्रसिद्ध केलें, आणि विल्यम कॅरे यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापिलें. हे दोघे परदेशाहून येऊन आपली भाषा शिकले. व्हासालीचें वैशिष्ट्य असें कीं, तो स्वतः त्या भाषेच्या कुशींतच जन्मलेला होता.

१२ जानेवारी १८२९ रोजीं, चौसष्टाव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. प्रॉटेस्टंट मिशनसाठीं केलेलें भाषांतर व त्याचे एकंदर विचार यांमुळें त्याच्यावर तेथील धर्माधिकाऱ्यांचा रोष होता. म्हणून कॅथोलिक दफनभूमींत त्याला जागा नाकारण्यांत आली. मसीदा बुरुजावरील प्रॉटेस्टंट दफनभूमींत, बहुतांशीं परक्या लोकांच्या सान्निध्यांत, त्याचा देह ठेविला गेला. आपल्या लोकांच्या शब्दांना ज्यानें जन्मभर आसरा दिला, त्यालाच आपल्या लोकांत शेवटचा आसरा मिळाला नाहीं.

परंतु बीज खडकावर पडलें नव्हतें. व्हासालीनंतर शंभर वर्षांच्या आंत माल्टी लेखकांची पिढी निर्माण झाली. १९२० मध्यें लेखकांनीं आपली संस्था स्थापिली व तिनें माल्टीची वर्णमाला निश्चित केली. प्रारंभीं इटालियनमध्यें कविता करणारे धर्मोपदेशक दुन कार्म यांनीं १९१२ पासून माल्टींत लिहिण्यास सुरुवात केली, आणि तेच पुढें त्या देशाचे राष्ट्रकवि झाले. माल्टाचें राष्ट्रगीतही त्यांचेंच. १९३४ सालीं माल्टीस राजभाषेचा दर्जा मिळाला. २१ सप्टेंबर १९६४ रोजीं माल्टा स्वतंत्र झालें, १९७४ मध्यें प्रजासत्ताक झालें, आणि २००४ सालीं युरोपीय संघांत प्रविष्ट झालें, तेव्हां माल्टी ही त्या संघाच्या अधिकृत भाषांपैकीं एक ठरली. झेब्बूजच्या शेतकऱ्याची बोली आज जर्मन व फ्रेंच भाषांच्या पंक्तीस बसते! तिच्या देशाची लोकसंख्या पांच लाखांच्या कांहींशी वरच आहे. संख्या लहान असली म्हणून भाषा लहान ठरत नाहीं, हें या उदाहरणावरून स्पष्ट होतें.

विद्यार्थिमित्रहो, हें चरित्र आम्हीं दूरच्या देशाची नवलकथा म्हणून सांगितलें नाहीं. आपल्या कर्जत-खालापूर भागांत घरोघर एकच बोली चालते असें नाहीं. डोंगराच्या वाड्यांवर ठाकरी व कातकरी बोली आहेत, खालच्या अंगास आगरी आहे. या बोलींत रानांतील झाडांचीं, कंदांचीं, पाखरांचीं, माशांचीं, पावसाच्या निरनिराळ्या प्रकारांचीं कितीतरी नांवें आहेत, कीं जीं पुस्तकी मराठींत सांपडावयाचीं नाहींत. असें असूनही शाळेंत आलेलें मूल कित्येकदां आपल्या घरची बोली तोंडांतल्या तोंडांत गिळतें, कारण कोणी हंसेल असें त्यास भय वाटतें. जें मूल आपल्या आईच्या शब्दांची लाज धरूं लागतें, तें हळूहळू आईचीही लाज धरूं लागतें. या हानीची भरपाई कोणत्याही पदवीनें होत नाहीं. प्रमाण मराठी नीट शिकावी, इंग्रजी मनापासून शिकावी, आणखीही भाषा शिकाव्या. व्हासालीही अनेक भाषा शिकला. परंतु त्यानें परभाषेंतून मिळविलेली सारी विद्या घरच्या बोलीच्या सेवेस लाविली, हें विसरूं नये.

पालकांसही आमची नम्र विनंति आहे कीं, मुलांनीं पुसल्यास आपल्या घरच्या म्हणी, गाणीं, शेतीचे व रानाचे शब्द त्यांस संकोच न करितां सांगावेत. आणि विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत एक वही करावी, आजीआजोबांपाशीं बसावें, व रोज पांच-दहा शब्द त्यांच्या अर्थासह उतरून घ्यावेत. एका वर्गानें एवढें केलें तरी वर्षाअखेर लहानसा कोश तयार होईल. ज्यांनीं हे शब्द जतन करून ठेविले तीं वृद्ध माणसें आज आहेत. तीं सदैव राहणार नाहींत. व्हासालीनें म्हणींचें पुस्तक छापिलें आणि पुढच्याच वर्षीं तो गेला. त्यानें तें काम उद्यांवर टाकिलें असतें तर त्याच्या हातून तें कधींच झालें नसतें. आपणही तें उद्यांवर टाकूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.